दोन किलोंचं अंथरूण

रविवारी सकाळी साडेनऊला कुंदा वन्सं विक्रोळीहून मुलुंडला आल्या त्या दोन पिशव्या घेऊन. एकीत कोलंबी होती. दुसरीत रात्रीचा गाऊन, टूथब्रश आणि आयेची गोधडी. कोलंबी पाहून सुलक्षणाचा मुलगा निलेश खूश झाला. गाऊन पाहून सुलक्षणाने ती पिशवी कोपऱ्यात सारली.

"आज राहतेच मी," चपला काढता काढता वन्संनी जाहीर केलं. "गुरुवारी गाडी. त्याआधी एक रात्र दोघी लादीवर झोपून बघूया. तिथे पोचल्यावर कंबर धरून बसायला नको. काय वहिनी?"

"बघू ना," सुलक्षणा म्हणाली.

गेले दोन महिने ती सगळ्यालाच 'बघू ना' म्हणत होती. नर्मदा परिक्रमेला जाणार हे मात्र तिने एकदाच आणि ठाम सांगितलं होतं, विद्याधरच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाला, पानावर बसलेल्या सगळ्यांसमोर. "त्यांचं चालायचं राहिलं ते मी चालून येते." विद्याधर म्हणजे तिचा नवरा आणि वन्संचा थोरला भाऊ. विक्रोळीच्या कंपनीतून निवृत्त झाल्या दिवसापासून तो वहीत मुक्काम लिहून काढत बसायचा. दर वर्षी दसऱ्याला वही उघडायची, दर वर्षी काहीतरी आडवं यायचं आणि 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणून वही कपाटात जायची. शेवटी एका मार्चमध्ये तो झोपेतच गेला. वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत भरलेली होती.

सुलक्षणा विसरेल असं सगळ्यांना वाटलं होतं. बासष्टाव्या वर्षी, सव्वाशे दिवस, रोज पंधरा-वीस किलोमीटर म्हणजे काही थट्टा नव्हे. पण ती बोलली तेव्हा पलीकडच्या पानावरून वन्सं लगेच म्हणाल्या होत्या, "मग मी पण." दादाचं काही एकट्या वहिनीने करावं हे त्यांना आजवर कधी मानवलं नव्हतं, ते तेव्हा कसं मानवणार? एवढ्यावर ठरलंच. सोबतीला दोन बिल्डिंगी सोडून राहणाऱ्या जानकीताई मिळाल्या. त्यांची एक परिक्रमा झालेली होती आणि आता त्या आणखी चार जणींना घेऊन निघणार होत्या. गुरुवारी कल्याणहून खंडवा, तिथून ओंकारेश्वर आणि मग पायी.

जानकीताईंचे नियम कडक. पाठीवरची सॅक सहा किलोंच्या आत. त्यात अंथरूण-पांघरूण दोन किलोंच्या आत. एकीचं ओझं दुसरीने उचलायचं नाही. सोमवारी सकाळी सात वाजता त्या स्वतः काटा घेऊन प्रत्येकीच्या घरी येणार होत्या. कपडे, औषधं, ताटली, दोरी सगळं जमलं होतं. अडलं होतं ते अंथरुणावर.

हॉलमधला टीपॉय भिंतीला लावून निलेशने सगळं लादीवर मांडलं. तो पवईच्या ऑफिसात प्रोजेक्ट सांभाळतो, त्यामुळे घरातल्या कुठल्याही कामाचा तो प्रोजेक्ट करतो. भगव्या रंगाची स्लीपिंग बॅग त्याने थैलीतून बाहेर काढली तशी ती फुगत फुगत सोफ्यापर्यंत आली.

"शून्य डिग्रीपर्यंत चालते," तो म्हणाला. "वजन फक्त सातशे ग्रॅम. आई, जानेवारीत तिथे कडाक्याची थंडी असते. आत शिरायचं, चेन लावायची, खल्लास."

"आणि चेन अडकली की?" वन्संनी विचारलं. "आत गुदमरून मरायचं? प्रेत गुंडाळल्यासारखं दिसतं ते. दादा असता तर त्याने या प्लास्टिकला हातसुद्धा लावला नसता. एवढा घाम यायचा त्याला. ही बघ, ही खरी वस्तू."

त्यांनी आयेची गोधडी पसरली. आये म्हणजे त्यांची आई, सुलक्षणाची सासू. गिरणीच्या संपात घर बसलं तेव्हा लालबागच्या खोलीत तिने आपलीच जुनी नऊवारी लुगडी एकावर एक घालून शिवलेली ही गोधडी. वर हिरवं, खाली जांभळं, मध्ये आणखी दोन. चार भावंडांनी ती पांघरली, मग ती वन्संकडे राहिली. वन्सं लग्नाच्या राहिल्या त्याच संपामुळे, पण ती गोष्ट या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. गोधडीला मात्र वन्सं कोणाला सुईसुद्धा लावू देत नसत. एक टाका निघाला तर स्वतः चष्मा लावून बसत.

निलेशने गोधडी काट्याला अडकवली. "दोन किलो दोनशे."

"मग ताटली कमी करू. पानावर जेवेल ती."

"आत्या, ओली झाली तर ही पाच किलोंची होईल! आणि दोन दिवस वाळणार नाही."

"ओली होतेय कशाला? पाऊस आहे का नोव्हेंबरात?"

सुलक्षणा भिंतीला टेकून उभी होती. ओली या शब्दाबरोबर तिची नजर लादीवर गेली ती वर आलीच नाही.

ओली होणार होती. गोधडी घेतली तर गोधडी, स्लीपिंग बॅग घेतली तर स्लीपिंग बॅग. अकरा वर्षांपूर्वी गर्भाशय काढलं, त्यानंतर हे सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, झोपेत नकळत लघवी होऊन जायची. डॉक्टरीणबाईंनी व्यायाम दिले, गोळ्या दिल्या, थोडं कमी झालं, थांबलं नाही. संध्याकाळी पाचनंतर ती पाण्याचा घोट घेत नसे. घरी ठीक होतं. गादीवर रबरी कापड, त्यावर चादर, दाराला कडी. पण धर्मशाळेच्या हॉलमध्ये बायकांच्या रांगेत, हाताच्या अंतरावर कुंदा वन्सं झोपलेल्या असताना? ती मोठ्यांची लंगोटं तिने वापरून पाहिली होती, मांड्या सोलवटून निघाल्या. शिवाय सव्वाशे दिवसांची पाठीवर न्यायची कशी, आणि वापरलेली टाकायची कुठे, मैयाच्या काठावर? दोन महिने ती रोज पहाटे हाच हिशोब मांडत होती आणि रोज तो चुकत होता. गुरुवारपर्यंत मार्ग सापडेल असं तिने स्वतःला समजावलं होतं. वन्संच्या गाऊनने गुरुवार आज रात्रीवर आणून ठेवला.

"आई, तू सांग. तुला काय हवंय?" निलेशने विचारलं.

"बघू ना. जेवून घेऊ आधी."

कोलंबीचं सुकं झकास झालं होतं. चार महिने मासळीचा वाससुद्धा नाही म्हणून वन्संनी दोनदा वाढून घेतलं. सुलक्षणाने भात चिवडला. पाण्याचा पेला तिने दुपारीच बाजूला सारला, हे तिच्या सुनेने, रुचिराने पाहिलं.

जेवणं झाल्यावर वन्सं आडव्या झाल्या, निलेश लेकीला, ऋताला घेऊन खाली गेला. ओट्याशी दोघी सासू-सुना उरल्या. रुचिरा भांडी घासून देत होती, सुलक्षणा पुसत होती. या घरात नऊ वर्षं झाली तरी रुचिरा फार बोलत नसे. आज तिने नळ बारीक केला.

"आई, ऋता लहान असतानाची ती ड्राय शीट. गुलाबी. माळ्यावर होती ना?"

सुलक्षणाच्या हातातली वाटी तशीच राहिली. "असेल. का गं?"

"नाही, शोधत नाहीये मी. तुमच्या सॅकच्या मागच्या कप्प्यात आहे ते माहितेय मला." रुचिराने मान वर केली नाही. "मी सॅक उघडली नव्हती हां. परवा तुम्हीच चेन लावायला विसरला होतात."

सुलक्षणाने वाटी ओट्यावर ठेवली.

"कधीपासून माहितेय तुला?"

"दोन वर्षं. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, बाबांना घाम फार येतो. सकाळी उठल्यावर चादर बाल्कनीत वाळत असायची आणि बाबा म्हणायचे, काल फार घाम आला मला. पण बाबा गेल्यानंतरही चादरी वाळतच होत्या ना."

सुलक्षणा स्टुलावर बसली. रडू येईल असं वाटलं होतं ते आलं नाही, नुसती लाज वाटली. सुनेने दोन वर्षं तिच्या चादरी बाल्कनीतून काढून, घड्या करून, एक अक्षर न बोलता तिच्या कपाटात ठेवल्या होत्या. यापेक्षा ती टोचून बोलली असती तर बरं झालं असतं, असंही एकदा वाटून गेलं.

"आत्यांना सांगून टाका," रुचिरा म्हणाली. "रात्री कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं."

"वन्संना? वेडी आहेस का? त्यांच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला मी एक रात्र दवाखान्यात राहिले नाही, ते सात वर्षं ऐकवतायत मला. तिथे बाकड्यावर झोपायचं होतं. कशी राहणार होते मी? आता हे सांगितलं तर जन्मभराचं कोलीत."

"मग मी सांगू का?"

"खबरदार. कोणी काही बोलायचं नाही. मी आज रात्री झोपणारच नाही. एक रात्र काय, जागेन."

"आणि पुढच्या एकशे पंचवीस?"

सुलक्षणाने वाटी पुसायला घेतली. ती कधीच कोरडी झाली होती.

चारचा चहा झाला आणि अंथरुणाचं प्रकरण पुन्हा लादीवर आलं. आता निलेशने तडजोड काढली. आत्याने गोधडी न्यावी, आईने स्लीपिंग बॅग. वन्संना ते पटलं नाही. त्यांच्या मते गोधडी मोठी होती, दोघींना पुरली असती, दोघी एकाच गोधडीत झोपल्या तर वजनही अर्धं अर्धं. हे ऐकून सुलक्षणाचं उरलंसुरलं अवसान गेलं.

"नको वन्सं. मला स्लीपिंग बॅगच बरी."

"का? माझ्याजवळ झोपायला काय होतं तुला?"

"तसं नाही."

"तसंच आहे. कधी झोपलीस माझ्याकडे? कन्नमवार नगरला येतेस, चहा पितेस, साडेसात वाजले की घड्याळ बघतेस. गौरीला सगळ्या राहतात, तू नाही. दवाखान्यात मी तळमळत होते, भावजय म्हणून एक रात्र नाही बसलीस. दादा बसला. पुरुष माणूस बायकांच्या वॉर्डाबाहेर रात्रभर बाकड्यावर बसला!"

"आत्या, आता ते कशाला?" निलेश मध्ये पडला.

"तू गप रव. माका बोलू दे आज." वन्सं चिडल्या की मालवणीवर येत. "माझी खोली लहान, माझं अंथरूण जुनं, म्हणून हिला वास येतो. आता आयेची गोधडी पण नको झाली. दादाला चालायची ती! एवढा घामट माणूस, रात्रभर चादर भिजवायचा, पण गोधडीला कधी वास म्हणाला नाही. आणि ही..."

"त्यांना घाम येत नव्हता," सुलक्षणा म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण गेल्या दोन महिन्यांत ती पहिल्यांदाच कोणाचं बोलणं तोडून काही म्हणाली होती, म्हणून सगळे थांबले.

"काय?"

"त्यांना घाम येत नव्हता. कधीच. मे महिन्यात पंख्याखाली पांघरूण घेऊन झोपणारा माणूस तो. चादर मी भिजवायचे. माझ्या ऑपरेशननंतर सुरू झालं. मला झोपेत कळत नाही. ते पाच वाजता उठायचे, मला उठवायचे, चादर धुवायचे आणि तुम्हा सगळ्यांना घाम आला म्हणून सांगायचे. नऊ वर्षं सांगत होते. त्यांना घामट म्हणू नका."

बोलून झालं तेव्हा तिच्या लक्षात आलं की निलेश समोर उभा आहे, तिचा मुलगा, छत्तीस वर्षांचा. तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. खालून सोसायटीच्या वॉचमनची शिट्टी ऐकू येत होती. कोणीतरी गाडी मागे घेत होतं.

निलेश आधी सोफ्यावर बसला, मग उठला. "मला का नाही सांगितलंस?"

"तुला काय सांगायचं रे? आईने मुलाला हे सांगायचं?"

"मग डॉक्टर कशाला असतात? आता उपाय आहेत, ऑपरेशनं आहेत. आई, सॉरी, पण हे असं असताना तू जंगलात जायचं नाही. इन्फेक्शन झालं तर? तिथे कोण बघणार? आपण नीट दाखवू, बरी हो आणि पुढच्या वर्षी जा. मी स्वतः सोडायला येतो."

ज्याची भीती होती ते हेच. मुलगा ओरडला नव्हता, काळजीने बोलत होता, आणि काळजीने बोलणाऱ्याला नाही म्हणणं फार कठीण असतं. सुलक्षणाला क्षणभर वाटलं, हो म्हणून टाकावं. रात्रीचा प्रश्नही मिटेल. वन्सं घरी जातील. चादर, कडी, बाल्कनी, सगळं होतं तसं चालू राहील. तिने कपाटाकडे पाहिलं. वही तिथे होती.

"पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत तुझे बाबा गेले," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी तुझं लग्न, मग ऋता, मग तो करोना. आणि दरम्यानची तीन वर्षं माझ्यामुळे. मला एकटीला सोडून गेले तर पहाटे चादर कोण धुणार म्हणून राहिले ते. मला कधी बोलले नाहीत. पण मला कळत होतं."

रुचिराने निलेशच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला हळूच खाली बसवलं.

सुलक्षणा वन्संकडे बघत नव्हती, पण त्या आता काहीतरी लागट बोलणार हे ती धरूनच चालली होती.

"किती वेळा?" वन्संनी विचारलं.

"आठवड्यातून दोनदा. कधी तीनदा."

"सगळं भिजतं?"

"नाही. एवढं." तिने हाताने दाखवलं.

"दवाखान्यात म्हणून राहिली नाहीस?"

"हो."

"आणि गौरीला?"

"हो."

वन्संनी चष्मा काढला, साडीला पुसला, परत लावला. "सात वर्षं मी तुका शिव्या घालतंय," त्या म्हणाल्या. "शेजारणींना सांगून झालं, मावशीला सांगून झालं. दादासमोर बोलले तेव्हा तो नुसता मान खाली घालून बसला. एकदा तोंड उघडलं असतंस तर?"

"लाज वाटली वन्सं."

"लाज," वन्सं म्हणाल्या. "रुचिरा, कात्री आण गो. बारीक टोकाची."

रुचिराने शिवणाच्या डब्यातली कात्री आणून दिली. वन्संनी फतकल मारली, गोधडीचा कोपरा मांडीवर ओढला आणि काठावरचा पहिला टाका कापला.

"वन्सं! अहो, आयेची गोधडी!"

"मग? लुगडी पण आयेचीच." दुसरा टाका, तिसरा. "ही गोधडी न्यायची म्हणून मी हट्ट धरून बसले, आणि भिजली तर दोन दिवस ओलं ओझं. पोरगा बरोबर बोलत होता. पण उसवली की काय होतं? लुगडं होतं. आणि लुगडं एका उन्हात वाळतं. खाली एखादं रबरी कापड, त्यावर लुगड्याची चौघडी. सकाळी मैयावर आंघोळीला उतरलं की सगळ्याच बायका आपापलं पिळून घेतात. तूही पिळ. काठीवर टाकून चालायला लागलं की जेवणापर्यंत कडक. दोन घे, एक अंगाखाली, एक सुकत. कोण विचारणार आहे?"

सुलक्षणा बघत राहिली. साधी गोष्ट होती. दोन महिने ती वजनं आणि कापडं आणि वेळा मोजत होती, आणि हे तिला सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी ती म्हणाली नसती. ती कात्री दुसऱ्या कोणाच्या हातात शोभलीच नसती.

"अहो, पण तुम्ही कोणाला हात लावू देत नव्हता..."

"हे वाकडे टाके बघितलेस? हे माझे. आये सरळ रांगेत घालायची, मी असे." वन्संनी एका टाक्यावरून अंगठा फिरवला. "बरंच झालं, वाकडे टाके लवकर निघतात. निलेश, बसलास काय? धर ते टोक. ओढू नको, फाटेल. दोरा ओढ, कापड नाय."

निलेश खाली बसला. त्याने टोक धरलं. थोडा वेळ तो नुसते दोरे ओढत राहिला, मग मान खाली घालूनच म्हणाला, "वरून घ्यायला काय? लुगड्याने थंडी थांबणार नाही."

"ती तुझी भगवी आहे ना."

"ती भिजली तर?"

"आत शिरायचंच नाही," रुचिरा म्हणाली. "चेन पूर्ण उघडली की ती सपाट होते. दुलईसारखी वरून घ्यायची."

निलेशने स्लीपिंग बॅग ओढून चेन पायापर्यंत उघडली. खरंच दुलई झाली. त्याने ती दोन्ही बाजूंनी उलटून पाहिली, मग काटा आणला. दुलई, दोन लुगडी, गुलाबी ड्राय शीट. काटा दोन किलोंच्या जेमतेम आत थांबला.

"महिन्यातून एकदा, फोन लागेल तिथून डॉक्टरांशी बोलायचं," तो म्हणाला. "आणि जरा ताप आला तरी मला कळवायचं. मी येऊन घेऊन जाईन, मग रडायचं नाही."

"हो."

"आई, हो म्हणतेस ते 'बघू ना'सारखं नको."

"हो रे बाबा," सुलक्षणा म्हणाली, आणि तिला दिवसात पहिल्यांदा हसू आलं. डोळेही भरून आले. दोन्ही एकदम आल्यामुळे तिने पदर तोंडाला लावला.

दिवेलागणीपर्यंत गोधडी सुटली. चार लुगड्यांच्या चार घड्या झाल्या, हिरवी आणि जांभळी सुलक्षणाची, आतली दोन वन्संची. दोऱ्यांचा गोळा ऋताने बाहुलीची उशी करायला मागून घेतला. रात्री दोघी हॉलमध्ये लादीवर झोपल्या. भिंतीकडची जागा वन्संनी वहिनीला दिली, तिला उठून जायला वाट राहावी म्हणून स्वतः बाहेरच्या बाजूला पाय आखडून पडल्या, आणि पाच मिनिटांत घोरायला लागल्या. सुलक्षणा जागी राहायचं ठरवून पडली होती. दिवसभराचा शीण असा की तिला कधी डोळा लागला ते कळलं नाही.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. अंगाखाली लादी गार होती. हिरवं लुगडं नव्हतं आणि ड्राय शीट पुसून बाजूला उभी केलेली होती. तिच्या अंगावर वन्संच्या वाटणीचं लुगडं टाकलेलं होतं. ती धडपडत उठून बसली. मोरीत बादली वाजली, मग बाल्कनीत कापड झटकल्याचा आवाज आला. आणि त्याच वेळी दारावरची बेल.

"नर्मदे हर!" जानकीताई सात म्हणजे सातला, हातात काटा घेऊन दारात. "उठलात ना? चला, वजन करू." आत आल्या आल्या त्यांची नजर बाल्कनीत गेली. नऊ वार हिरवं लुगडं दोरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी गाळत होतं आणि त्याच्यामागे कुंदा वन्सं गाऊनच्या बाह्या वर करून उभ्या होत्या.

"हे काय, सकाळी सकाळी धुणं?" जानकीताई म्हणाल्या. "अंथरायचं ते? एका रात्रीत खराब केलंत? कोणाचं?"

सुलक्षणाने अंगावरचं लुगडं घट्ट धरलं.

"माझं," वन्सं म्हणाल्या. त्यांनी लुगड्याचा काठ ताणून दोरीवर सारखा केला. "काल फार घाम आला मला. आमच्या घराण्यातच आहे ते. दादालाही यायचा."